बिननावाची जिग

डीलिया हेहिरला आयुष्यात एकच चाल सुचली, आणि तीही लोकांनी तिची राहू दिली नाही.

क्लेअर या आयरिश परगण्याच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा बायका वाजवायच्या त्या स्वयंपाकघरात. कॉन्सर्टिना, म्हणजे दोन तळहातांत धरायची छोटी पेटी, बायकांची. ती फडताळात कपबशांशेजारी असायची. पबमध्ये वाजवणार पुरुष. डीलियाचा धाकटा दीर मर्टी तिथे बासरी वाजवायचा, आणि तोंड त्याहून जास्त.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी डीलियाला मुलगी झाली, ती रडलीच नाही. मेलेल्या मुलाला बाप्तिस्मा नाही, बाप्तिस्मा नाही म्हणून नाव नाही, नाव नाही म्हणून चर्चच्या आवारात जागा नाही. नवरा सेनन उजाडायच्या आत खोकं काखेत घेऊन समुद्राकडच्या वावरात गेला, जिथे असली मुलं पुरायची रीत होती, आणि परत येऊन गाईंच्या धारा काढायला बसला. घरात त्यावर पुन्हा कोणी चकार शब्द काढला नाही. कसली मेली ही रीत! लेकराला मूठभर माती द्यायची, तीही चोरासारखी.

त्या हिवाळ्यात तिच्या बोटांना एक जिग सापडली. नाचाची चाल खरी, पण दुसऱ्या भागात एका सुरावर ती अडखळायची, पाऊल टाकू की नको अशी. मर्टीने दारातून ऐकली.

"अगं डीलिया, ही कुठली? नाव काय हिचं?"

तिने पेटी मिटली. "गन आनिम."

आयरिशमध्ये याचा अर्थ बिननावाची. लेकीसाठी तिच्याजवळ एवढंच नाव होतं, आणि चाल त्याच नावाने राहावी एवढंच तिचं मागणं. पण वाजवणाऱ्यांच्या तोंडी हे शब्द रोजचे. चालीचं नाव ठाऊक नसलं की 'गन आनिम' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मर्टीला तेच कळलं.

"मग देऊ की एखादं!" तो हसला. "नावं काय, पैशाला पासरी!"

सांगावं असं तिला वाटलं. पण जे नवऱ्याशी बोलता येत नव्हतं ते दिराला काय सांगणार?

आठवड्याभरात जिग पबमध्ये पोचली. नाचणाऱ्यांचे पाय अडकतात म्हणून मर्टीने तो अडखळणारा सूर सरळ करून टाकला. पलीकडच्या गावात ती 'दाणे टिपणारी कोंबडी' झाली, गॉलवेत 'बिशपची घोडी'. पण ज्याच्याकडून चाल मिळाली त्याचं नाव लावायची तिकडे पद्धत, म्हणून बहुतेकांनी तिला 'मर्टी हेहिरची जिग'च म्हटलं. पोरीला एक नाव मिळालं नाही, आणि तिच्या चालीची मुलूखभर बारशी झाली! मर्टीही कधी 'माझी नाही' म्हणाला नाही. आयत्या बिळावर नागोबा. रेडिओवर पहिल्यांदा ती लागली तेव्हा डीलिया बटाटे सोलत होती. सेननने आवाज वाढवला.

"ऐकलंस का? आपला मर्टी!"

ती बटाटे सोलत राहिली.

पुढे सेनन गेला, आणि म्हातारपणी मर्टीही. त्याला माती द्यायला कुठून कुठून वादक आले. चर्चच्या आवारात, खड्ड्याभोवती उभं राहून त्यांनी ती जिग वाजवली, सरळ केलेली. तिचे पहिले सूर त्याच्या दगडावर कोरायचं ठरलं होतं. जिथे लेकीला हातभर जागा मिळाली नाही, तिथे तिची चाल मानाने चालली होती, काकाच्या नावावर.

नंतर हॉलमध्ये चहा आणि हॅम सँडविचं होती. डीलियाला राहवलं नाही. फिडल वाजवणाऱ्या एका तरुण बाईची बाही तिने घट्ट धरली.

"पोरी, त्या चालीचं नाव गन आनिम आहे. ऐकतेस ना? गन आनिम."

ती अदबीने वाकली. कानाने कमी ऐकणाऱ्याशी बोलावं तसं जरा मोठ्याने म्हणाली, "खरंय तुमचं, मिसेस हेहिर. मर्टींनी नाव देईपर्यंत बिचारीला नावच नव्हतं."

डीलियाने बाही सोडली. निवून गेलेला चहा ती तसाच प्यायली.