लाल गाडी आणि काकांचं गाऱ्हाणं

अन्याय माझ्यावर झाला. त्रेसष्ट सालच्या मे महिन्यात, मामा बोटीवरून रजेवर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवणं आटोपून काका पान लावत बसले असताना झाला. मामाने जपानहून पत्र्याच्या दोन गाड्या आणल्या होत्या. निळी माझ्या चुलतभावाला, बाबल्याला, आणि लाल मला. काकांनी लाल गाडी उचलली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

"चेडवाक गाडी कित्याक? ती काय डायवर होतली?" काका म्हणाले. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

"बाबल्यो तरी खंय होतलो? तो सायकलवरसून पडता," मी म्हटलं.

"गो, गप रव," आई म्हणाली.

मी सातवीत होते, आणि गप्प राहिले नाही. आज मी पत्रकं काढते. त्यातलं पहिलं त्या संध्याकाळी कोळशाने पडवीच्या भिंतीवर काढलं: 'जिची गाडी तिला द्या.' (भिंतीला आदल्याच आठवड्यात चुना लावला होता. चळवळ मुहूर्त बघत नाही.) मामा हसला. काका हसले नाहीत. त्यांनी निवाडा दिला: रविवारी घरापुढच्या खळ्यात शर्यत. "जिकलंस तर गाडी तुझी. हरलंस तर तीव बाबल्याची."

माझीच गाडी, आणि ती मी जिंकून घ्यायची!

गाडीतून एक लांब तार निघायची, तिच्या टोकाला हातात मावेल एवढा डबा. डब्यात दोन सेल, वर एक बटण. दाबलं की गाडी धावते, सोडलं की थांबते, आणि आपण तार सांभाळत मागून पळायचं. वळवायची तर पुढची चाकं आधीच हाताने वाकवून ठेवायची. या खेळात नव्याने उतरणाऱ्यांनी ऐकावं. सारवलेलं खळं सुकल्याशिवाय गाडी सोडू नये. चाकं शेण उचलतात. खळ्यात फणसाची साटं, म्हणजे पोळ्या, वाळत असतील तर ती आधी हलवायला लावावीत. (आम्ही सांगून बघितलं. काकी म्हणाली, "ऊन काय तुमच्यासाठी थांबतला?") सेल नवे असावेत. माझे सेल मामाने कट्टा गावच्या बाजारातून आणले होते. आणि सरावात वाकवलेली चाकं शर्यतीआधी सरळ करावीत. शनिवारी सरावापुरती गाडी मिळाली तेव्हा मी तुळशीला गोल फेऱ्या मारायचा सराव केला, संध्याकाळी काकांनी गाडी परत कपाटात ठेवली. चाकं वाकडीच राहिली.

रविवारी दोन्ही गाड्या तुळशीपाशी लागल्या. आमच्याकडे विहिरीचा गाळ काढायचा असो की मुंबईला आंबे पाठवायचे असोत, काका देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय हलत नाहीत. ते गाड्यांपुढे उभे राहिले.

"हात जोडा रे सगळे. डोळे मिटा."

मी जोडले, मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज ही जी तुझी लेकरां खळ्यात जमली आसत..."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे.

"तेंच्या गाडयेक रस्तो मोकळो कर..."

"व्हय म्हाराजा."

इतक्यात घुर्रर्र असा आवाज आला. बाबल्या! देवाला हाक घातलेली असताना यानं गाडी सोडली! डोळे उघडायची सोय नव्हती, म्हणून रागाने हात आणखी घट्ट आवळले. आवाज थांबेना. मी आणखी आवळले. मनात पत्रकाचा मथळाही तयार झाला. (मामाचे डोळे उघडे होते, असं तो नंतर म्हणाला. पण गाऱ्हाण्यात मधेच बोलणार कसं?)

"आणि जो कोण लबाडी करीत आसात, म्हाराजा, तेचे पाय थंयच धरून ठेव!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठ्याने मी.

काका बाजूला व्हायला निघाले. पाय निघाले नाहीत. ते जागच्या जागी माडासारखे डोलले आणि फणसाच्या साटांवर आडवे झाले.

 मग पडल्या पडल्याच काकांनी हात जोडले.

"चुकलंय म्हाराजा. चेडवाच्या डब्यात माझ्या बॅटरीचे जुने सेल मीच घातलंय. सोड माका."

"आणि माझ्या साटांचा काय?" काकी म्हणाली.

मी मात्र अजून बाबल्यावरच होते. "लबाडा, गाराणा चालू आसताना गाडी सोडलंस?"

"माझी गाडी हय आसा गो ताये," बाबल्या म्हणाला. निळी गाडी रेषेवर होती आणि त्याचा डबा जमिनीवर. "तुझी खंय आसा ती बघ."

बघितलं. काकांच्या पायांना तारेचे वेढे होते. तारेचं एक टोक साटांत रुतून घुरघुरणाऱ्या लाल गाडीत, आणि दुसरं माझ्या जोडलेल्या हातांत. आत डबा होता. बटणावर माझा अंगठा होता.

गाडी मला मिळाली. काकांनी स्वतः आणून दिली. तार तुटलेली, चाकांत फणस. शर्यत झालीच नाही. खाऱ्या वाऱ्याने पत्रकं उडू नयेत म्हणून आता ती गाडी माझ्या टेबलावर त्यांच्यावर उभी असते.

तेव्हा हे वाचणाऱ्या प्रत्येक काकाकडे माझी स्पष्ट मागणी आहे: कपाट उघडा आणि मुलीची गाडी मुलीच्या हातात द्या, आजच. फक्त गाऱ्हाणं घालणार असाल, तर आधी तिला हातातला डबा खाली ठेवायला लावा. ती आपणहून ठेवणार नाही. तिचं सगळं लक्ष दुसऱ्याच्या लबाडीकडे असतं.