त्यांच्यासाठी कोणी उठलं नाही
मी दहावीत असताना, हडपसरहून स्वारगेटला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये, एका गृहस्थांनी माझ्या धाकट्या भावाच्या कानाखाली मारली. भाऊ जन्मापासून बहिरा आहे. मागून मारलेल्या हाका त्याला ऐकू आल्या नाहीत, म्हणून तो जागेवरून उठला नाही. मी तसं सांगितलं. “बहाणे नकोत. आजकालच्या पोरांवर संस्कारच नाहीत,” असं म्हणून ते त्याच्या जागेवर बसले. दुसऱ्या दिवशी मी वर्गातल्या मैत्रिणींना घेऊन डेपोतच बस पकडली आणि पुढच्या सगळ्या जागा धरल्या. बसमध्ये डिझेलचा आणि आमच्या वेण्यांना लावलेल्या खोबरेल तेलाचा वास भरला होता. ते पुढच्या थांब्यावर चढले. आम्ही एकेक करून उठत गेलो, पण आधी भाजीची पाटी घेतलेल्या मावशींसाठी, मग कडेवर मूल असलेल्या बाईंसाठी, मग एका धडधाकट कॉलेजच्या मुलासाठी. “दादा, बसा ना तुम्ही.” दर वेळी ते पुढे सरकत आणि दुसरंच कोणी बसे. “मी उभा आहे, दिसत नाही का?” त्यांनी विचारलं. “दिसतंय की काका,” मी म्हणाले, “पण आमच्यावर संस्कार कुठे आहेत?” कंडक्टर हसला. स्वारगेटपर्यंत ते दांडी धरून उभे होते. भाऊ आता पन्नाशीचा आहे. बसमध्ये बसला की तो अजूनही प्रत्येक थांब्यावर मागे वळून पाहतो.