बाबांचे दोन पांढरे झेंडे

आमच्या गावात नदी समुद्राला मिळते, आणि दर आठवड्याला जागा बदलून मिळते. काल कमरेएवढं पाणी होतं तिथे आज माणूस बुडेल. सुट्टीला येणाऱ्यांना हे कोण सांगणार? त्यांना पाणी म्हणजे पाणी. म्हणून नगरपालिकेनं पंचवीस वर्षांपूर्वी बाबांना झेंडे लावायला ठेवलं. त्याआधी ते होडीनं माणसं पलीकडे सोडत. पूल झाला आणि होडी अंगणात आली.

त्यांची रीत अशी. सकाळी ओहोटीला अनवाणी पाण्यात शिरायचं आणि पायानं तळ चाचपत जायचं. वाळू टणक लागली तर ठीक. मऊ गाळ लागला की नदीची धार आली, पुढे खोल. मग बरंच अलीकडे, किनाऱ्यावर झेंडा रोवायचा. दोन पांढऱ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं. नगरपालिकेनं एकदा खोली मोजायची काठी दिली, बाबांनी तिच्यावर काकडीचा वेल चढवला. "काठीला काय कळतंय?" म्हणाले. यांच्या तळपायांना डोळे आहेत, असं गाव म्हणायचं. इतकं कौतुक झालं की कुणीही शेफारतं, बाबाही शेफारले होते.

त्या रविवारी भाड्याच्या खोल्यांच्या चादरी वाळत घालून मी स्वयंपाकघरात आले, तर फरशीवर दारापासून टेबलापर्यंत रक्ताचे ठसे. बाबा निवांत चहा पीत होते.

"बाबा, पाय बघू."

"का गं?"

टाचेत बोटभर काच रुतली होती.

"दुखत नाहीये तुम्हाला?"

त्यांनी काचेकडे पाहिलं, जणू पाय शेजाऱ्याचा होता. "नाही. साखरेमुळे होतं म्हणाला डॉक्टर. गेल्या हिवाळ्यापासून पाय जरा बधिर झालेत."

"मग झेंडे कसे लावता?"

कप खाली ठेवायला त्यांनी फार वेळ लावला. "अंदाजानं," ते म्हणाले.

माझी नऊ वर्षांची छोटी अर्ध्या तासापूर्वी पोहायला गेली होती. जाताना मीच बजावलं होतं, "आजोबांच्या झेंड्यांच्या आतच राहा."

मी धावत सुटले. चपला कुठे राहिल्या कळलं नाही. वाटेत छत्र्या भाड्यानं देणारा हसून म्हणाला, "ताई, आज तुम्हीपण पोहायला?" त्याला मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

पाणी माणसांनी भरलं होतं. लाल टोप्या, पिवळ्या टोप्या. छोटीची निळी कुठेच दिसेना. "बाहेर या! सगळे बाहेर या!" मी किंचाळले. लोक नुसते बघत राहिले. सुट्टीवरच्या माणसाला कसलीच घाई पटत नाही. मग उजव्या झेंड्यासमोर निळी टोपी दिसली. कपड्यांसकट आत शिरले, दंडाला धरून तिला ओढलं, आणि माझा पाय घोट्यापर्यंत गाळात गेला. दुसरा पाय टाकला तर तळच लागेना. कशीबशी मागे सरकले. वळून किनाऱ्याकडे पाहिलं, तर मी झेंड्याच्या चांगली चार पावलं आत, दोन झेंड्यांच्या मधेच होते.

त्या दिवशी कुणी बुडालं नाही. कुरकुरत का होईना, सगळे बाहेर आले. छोटी दंड चोळत रडत होती.

बाबा टाचेला फडकं गुंडाळून आले. जराही लंगडत नव्हते, आणि तेच मला बघवेना. ते वाळूत आमच्याशेजारी बसले.

"किती आत?"

"चार पावलं."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "छोटी काल कुठे पोहत होती?"

छोटीनंच हुंदके देत सांगितलं, "इथेच, आजोबा. मी रोज इथेच पोहते. इथे लाटाच नसतात."

लाटा फुटत नाहीत तिथे खाली नदी वाहते, हे गावात बाबांहून जास्त कुणाला ठाऊक? त्यांनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केले, आणि मधेच थांबवले.