सुरवसे सरांची बरणी

मंगळवारी सकाळी ग्रंथालयाचं कुलूप काढत होते, तेव्हा शिपाई मारुतीमामांनी सांगितलं, "मॅडम, सुरवसे सर गेले. पहाटं, झोपेतच." मला रडू आलं नाही. मनात पहिल्यांदा जे आलं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, आता सरांना सांगावं लागणार नाही...

सर मुरुमला आमच्याच महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतरही दर मंगळवारी ग्रंथालयात येत, खिशात कसली तरी पानं घेऊन. वड, पिंपळ, उंबर, अंजीर, तुती, अगदी फणससुद्धा एकाच कुळातले, हे मला त्यांनीच शिकवलं. एकदा मी म्हणाले, उंबरात किडे असतात, मी खात नाही. सर हसले. "किडे न्हायीत मॅडम, पाहुणे हायीत ते. उंबर म्हणजे आतून फुलांनी भरलेली बंद खोली. दार एकच, बारीक. आन् आत शिरणारं चिलट जवळपास प्रत्येक जातीच्या झाडाचं वेगळं. पानं बघून माणूस फसंल, चिलट बघून न्हाय."

सास्तूरच्या वाटेवर एक झाड आहे. पिंपळाच्या कुळातल्या पायर झाडासारखं दिसणारं, पण पायर नव्हे, असं सरांना तीन वर्षं वाटत होतं. दर वेळी पाखरं त्यांच्या आधी पोचायची. यंदा पाडाला आलेली फळं हाती लागली. शनिवारी काचेच्या बरणीत घालून, तोंडाला मलमल बांधून त्यांनी ती माझ्या कपाटावर ठेवली. "घरी सून टाकून देईल. तुमच्याइतकं जपणारं कोण हाय?" मी वाचत होते. नुसती मान हलवली.

सोमवारी बरणीत चिलटं वळवळत होती. काही दोऱ्याच्या फटीतून निघून पुस्तकांवर बसलेली. इतकी वर्षं मी पुस्तकं खाणाऱ्या कसरीशी लढले आहे. हात आपोआप चालले. मागं कचरा पेटवला होता, त्यात बरणी रिकामी केली. फिनेलनं कपाट पुसलं. हात धुताना कळलं, सर ह्याच चिलटांची वाट बघत होते. फोन उचलला, ठेवला. उद्या येतीलच, तेव्हा सांगू...

पाच आठवड्यांनी त्यांच्या घरी गेले. खोलीत सरांच्या पत्नी, काकू, एकट्याच होत्या. टेबलावर जाड कागदावर त्या झाडाची वाळवलेली फांदी, देठापाशी चिकाचा तपकिरी डाग. खाली सरांचं टपोरं अक्षर. ठिकाण: सास्तूर रस्ता. जात: पुढं काहीच नाही. चिलटं: ग्रंथालयात, मॅडमकडे. काळजी नाही.

मी कागद हातात घेतला. "काकू, ती चिलटं मी जाळली. किडे समजून. सरांना सांगायचं राहिलं."



"सोमवारी जेवताना तेच चाललं होतं त्यांचं," काकू म्हणाल्या. "उद्या बरणी उघडायची म्हणून. लई दिवसांनी एक भाकरी जास्त खाल्ली."

मग त्यांनी तो कागद माझ्या हातून काढून घेतला, पदरानं पुसला आणि परत टेबलावर, होता तिथंच ठेवला.