अण्णांनी कापलेला टायर

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, झिजलेल्या टायरांवर नवं रबर चढवायचे. जालना रोडपासून थोडं आत, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं वर्कशॉप होतं. जुना टायर घासायचा, त्यावर रबराची नवी पट्टी बसवायची आणि साच्यात घालून वाफेवर शिजवायचा. तरुणपणी फुलंब्रीहून रोज एसटीनं येऊन ते हे काम दुसऱ्याच्या हाताखाली शिकले आणि पुढं स्वतःचं सुरू केलं. हैदराबादपर्यंत जाणारे ट्रकवाले त्यांच्याकडं थांबायचे. ‘माझं रबर कधी सुटलं नाय,’ हे त्यांचं वाक्य आमच्याकडं आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी मिळायचं. शाळा चौथीतच सुटली, त्यामुळं इंग्रजी अक्षरं ते टायरांवरूनच शिकले होते. पेपरातलं इंग्रजी त्यांना वाचता यायचं नाही, पण टायरच्या बाजूवर कोरलेली सगळी अक्षरं अन् आकडे ते धडाधड वाचायचे.

मी वाळूजच्या एका कारखान्यात डाय, म्हणजे साचे, डिझाइन करायचं काम करत होते. तिथल्या एका सहकाऱ्यानं परदेशी जाताना आपली गाडी विकायला काढली. फायबरच्या अंगाची, दोनच माणसांची, वरचं छत काढता येणारी लहानशी स्पोर्ट्स कार. रंग पिवळा. घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. आई म्हणाली, ‘हिच्यात भाजीची पिशवी कुठं ठेवायची?’  मी गाडी घेतली.

पहिल्याच रविवारी दौलताबादच्या रस्त्यावर शेळ्यांचा कळप आडवा आला. मी ब्रेक दाबला, तर गाडी थांबायच्या ऐवजी तिरकी घसरत गेली. शेळ्या वाचल्या आणि मीही. घरी मी कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गाडीजवळ उकिडवे बसलेले दिसले. त्यांनी अंगठ्यानं टायरची बाजू दाबली. रबरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उघडल्या.

‘नक्षी पूर्ण हाय, पण टायर मेलेले हायेत,’ ते म्हणाले. ‘गाडी लई वर्षं उभी व्हती ना?’

‘हो. त्यांच्या बंगल्यातच पडून होती.’

‘उभ्या गाडीचा टायर चालत्या गाडीच्या आधी मरतो.’ एवढं बोलून त्यांनी जॅक लावला, मागचा एक टायर काढला आणि रिक्षात घालून वर्कशॉपला घेऊन गेले. डिकीतला स्पेअर तेवढा बसवून ठेवला.

 आमच्या जीपला, मामाच्या ट्रॉलीला, शेजाऱ्यांच्या गाडीला, सगळ्यांना अण्णांचंच रबर होतं. आता माझ्या गाडीलाही ते चढणार, हे मी धरूनच चालले. पण ही गाडी जीप नव्हती. वेगात जाणाऱ्या हलक्या गाडीला चढवलेलं रबर नको, हे मला ठाऊक होतं. ज्या माणसानं तेच रबर चढवून मला इंजिनिअर केलं, त्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

पाच दिवस मी वाक्यं जुळवत राहिले. शनिवारी कारखान्यातून थेट वर्कशॉपला गेले. टायर स्टँडवर होता आणि अण्णा पाठमोरे उभे होते. बाजूला दोन ट्रकवाले चहा पीत बसले होते. मी नको तिथं, नको त्या वेळी तोंड उघडलं.

‘अण्णा, माझ्या गाडीला तुमचं रबर नको. म्हणजे, तुमचं काम चांगलंच आहे, पण या गाडीला ते सुरक्षित नाही.’

ट्रकवाल्यांचे कप तोंडाजवळच थांबले. अण्णांनी मागं वळून पाहिलं, हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, ‘घरी जाय.’

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसले की नजर ताटात.  तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला अंगणात हाक मारली. पायरीवर तो टायर होता. करवतीनं आरपार कापलेला, पावाच्या लादीसारखा.

‘हे बघ माय,’ त्यांनी कापलेल्या जागी बोट ठेवलं. ‘या लोखंडी तारा. त्यांच्यावर हा नायलॉनचा थर. साध्या गाडीच्या टायरला हा थर नसतो. म्हंजे बनवणाऱ्यानं ही गाडी पळवायला बनवलीय. तसाच टायर पायजे. हे बघायलाच मी कापला त्याला. रबर चढवायला नाय.’

 ‘म्हणजे तुम्ही आधीपासूनच...’

‘चाळीस वर्षं झाली या धंद्यात. माझं रबर कुठं चालतं अन् कुठं नाय, हे मला तुझ्याकडून शिकायचं व्हय?’ मग आवाज खाली आला. ‘तू बोललीस ते खरं व्हतं. पण घाबरत घाबरत बोललीस. बापाला खरं सांगायला पाच दिवस लागले तुला. त्याचा राग आला.’

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. माझ्या बापाबद्दल मी काय समजून बसले होते, याची लाज वाटत होती. आणि त्या लाजेच्या वर, छाती भरून येईल असा अभिमान.

त्याच दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही मोंढ्याच्या बाजारपेठेतल्या एका टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार चाचा अण्णांचे जुने दोस्त, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी आधी रुंद, काळेभोर, चकचकीत टायर पुढं केले. ‘बेटी, ये डाल. गाडी शेर दिखेगी.’

‘दिसायला वाघ, वळायला म्हैस,’ अण्णा म्हणाले. ‘मडगार्डला घासंल, स्टिअरिंग जड व्हईल. हाय तेवढ्याच मापाचा काढा मियाँ.’

मापाचे टायर आले. अण्णांनी आकड्यांच्या शेवटचं अक्षर वाचलं. ते अक्षर टायर किती वेगाला टिकतो ते सांगतं. ‘हा टी हाय. मूळ टायर एच व्हता. त्याच्या खाली उतरायचं नाय.’ मग एच आले. त्यात तीन ताजे निघाले आणि चौथा दोन वर्षांपूर्वीचा. बाजूवर बनल्याचा आठवडा आणि वर्ष कोरलेलं असतं, ते अण्णांनी चष्मा वर करून वाचलं आणि टायर बाजूला लोटला.

चाचा हसायला लागले. ‘क्या अण्णा, उमरभर पुराने को नया करते आए, आज नए को पुराना बोल रै?’

‘तीन तरुण अन् एक म्हातारा एका गाडीला जुंपायचे नाय,’ अण्णा शांतपणे म्हणाले. चाचांनी फोन लावला आणि गोदामातून चौथा मागवला.

तो येईपर्यंत अण्णांनी माझ्यासमोर दोन वेगळ्या जातीचे टायर ठेवले. माप तेच, अक्षर तेच. ‘नख रुतव,’ ते म्हणाले. एकात नख रुतेना. दुसऱ्यात सहज रुतलं आणि खूण हळूहळू भरून आली.

‘कडक हाय तो लई वर्षं जाईल. मऊ हाय तो लवकर झिजंल, पण रस्ता धरंल. कोणता घ्यायचा?’

‘तुम्ही सांगा.’

‘मी कामून सांगू? चालवणारी तू.’

 मला दौलताबादच्या शेळ्या आठवल्या. टायर वर्षानुवर्षं चालवणं हा अण्णांचा आयुष्यभराचा धंदा, आणि मी लवकर झिजणारा टायर मागणार होते. पण या वेळी मी वाक्यं जुळवत बसले नाही.

‘मऊ.’

अण्णांनी चाचांकडं पाहिलं. ‘मीबी तोच घेतला असता,’ ते म्हणाले, आणि त्यांच्या मिशीखाली हसू पसरलं.

चारी टायर बसले. हवा भरणारा कॉम्प्रेसरकडं निघाला, तर अण्णांनी पाइप स्वतःच्या हातात घेतला. हलक्या गाडीत हवा जास्त भरली की ती उड्या मारते, म्हणाले, आणि प्रत्येक चाकाजवळ बसून आकडा स्वतः बघितला.

रविवारी आम्ही म्हैसमाळला निघालो. छत काढलेलं. शेजारी अण्णा, गुडघे पोटाशी, एका हातानं टोपी धरलेली. घाटाच्या वळणांवर गाडी रुळावर असल्यासारखी वळत होती. टायरांचा कुई असा आवाजही नाही. तिसऱ्या वळणानंतर त्यांनी थांबायला सांगितलं. खाली उतरून त्यांनी प्रत्येक टायरवर हाताची मागची बाजू टेकवली, कडेला, मध्ये, पुन्हा कडेला.

‘सगळीकडं सारखा गरम,’ ते म्हणाले. ‘बराबर बसलाय.’

वर पोचलो तेव्हा चहाच्या टपरीवरची कॉलेजची पोरं गाडीभोवती जमली. एकानं विचारलं, ‘काका, तुमची गाडी?’

‘माझ्या पोरीची,’ अण्णा म्हणाले. आणि कुणी विचारलं नव्हतं तरी पुढं सांगितलं, ‘टायर तिनं निवडलेत. स्वतः.’

मी चहाच्या ग्लासात बघत राहिले. वीस माणसांच्या मीटिंगमध्ये माझं डिझाइन पास झालं होतं तेव्हाही मला एवढं उंच झाल्यासारखं वाटलं नव्हतं.

परत निघताना अण्णांनी हात पुढं केला. ‘चावी दे.’

त्यांनी आयुष्यभर जीप आणि ट्रॅक्टरच चालवला होता. मी चावी दिली. त्यांनी सीट मागं सरकवली, टोपी काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि दुसऱ्या गिअरमध्ये, तीसच्या वेगानं, प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत घाट उतरायला सुरुवात केली. मागं एसटी येऊन चिकटली. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता.

‘अण्णा, थोडी बाजूला घ्या, त्याला जाऊ द्या.’

‘थांबंल की तो,’ अण्णा म्हणाले आणि रस्त्याच्या मधून तसेच ऐटीत खाली उतरत राहिले.