मोठी बाटली

बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावजवळच्या वस्तीवरची ताराबाई तोंडानं फटकळ. त्या दुष्काळात विहीर आटली, नवरा सटवा ऊसतोडीला गेला, आणि ती दोन म्हशी घेऊन दूध संस्थेच्या चारा छावणीत राहायला आली. टँकरपासून दावणीपर्यंत घागरी वाहून तिची कंबर धरली.

छावणीत त्रिंबक डॉक्टर यायचा. संस्थेनं त्याला जनावरांसाठी ठेवलेलं, पण तो माणसांनाही टोचायचा. गाडीच्या डिकीत, भर उन्हात, दुखण्यावरच्या औषधाची मोठी बाटली असायची. लंगड्या बैलाला सुई देऊन तो तीच बाटली घेऊन ताराबाईकडं वळला.

“आरं, बैलाचं मला टोचतो व्हय?”

“मावशी, औषध माणसाचंच हाय, बैलाला बी चालतं. नासू नये म्हणून त्याच्यात दुसरं औषध टाकलेलं असतंय. बाटलीला काय बी व्हत न्हाई.”

बैलाची सुई त्यानं बदलली. मग बायकांची रांग लागली आणि सगळ्यांना एकच सुई. अंगातून निघाली की पुन्हा बाटलीत.

आठवड्यात ताराबाईच्या कुल्ल्यावर दगडासारखी गाठ आली. ताप चढला. रांगेतल्या आणखी तिघींना तसंच झालं. संस्थेचे चेअरमन विठ्ठलराव नाकाला रुमाल लावून म्हणाले, “अंघोळ न्हाई, पांघोळ न्हाई. गळू व्हणारच की!”

“पानी जनावराला पुरंना, मालक. अंघोळ कशानं करावी?” ताराबाई म्हणाली. विठ्ठलराव तोवर जीपकडं चालू लागले होते.

बीडच्या दवाखान्यात गळू कापलं, वाटीभर पू निघाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, “त्याच्यात टाकलेलं ते दुसरं औषध बाटली टिकावी म्हणून असतं. वापरलेली सुई आत बुडवली, तर एकीची घाण दुसरीला लागते. ती थोपवायची ताकद त्यात नसते.” आत पायाच्या शिरेला इजा झाली होती. पाय कायमचा ओढत राहिला. जनावरांजवळ माणूस नाही म्हणून छावणीनं तिची दावण काढली. सटवानं परत येऊन म्हशींना बाजार दाखवला.

दोन-तीन वर्षांनी ती मोहनरावांच्या मेडिकलवर गोळ्या घ्यायला गेली. मोहनराव पेपर वाचत होते. “ताराबाई, ती मोठी बाटली सरकारनं बंद केली बघा. आता एका माणसापुरतीच मिळणार.”

ताराबाईचे डोळे भरून आले. “कळलं म्हणायचं कुनाला तरी. आमच्यासारख्या बायांचं बघून केली का?”

मोहनरावांनी पेपरात पुन्हा पाहिलं. “न्हाई. ती बाटली लोक जनावरांना टोचायचे. तसं टोचलेलं जनावर मेलं, की ते खाऊन गिधाडं मरत होती. गिधाडांसाठी केली.”

तिनं गोळ्या पदराला बांधल्या.

“बरं झालं,” ती म्हणाली. “त्यांच्यासाठी तरी कुनी बोललं.”

आणि पाय ओढत ती एस्टी थांब्याकडं निघाली. वाटेत त्रिंबकची गाडी आडवी गेली. त्यानं ओळख दिली नाही.