बेडक्याची डबी

टीबीच्या जंतूची भावकी मोठी. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे एकाच घरचे दिसतात. खरा कोण, ते जनुकांच्या तपासणीतच कळतं. पट्टीवर रेषा उमटतात आणि त्यांवरून जंतूची जात ठरते. सुरतेच्या एका लॅबमध्ये मी हेच काम करते.

माझे वडील, आप्पा, खान्देशातून येऊन इथल्याच गोडादरा वस्तीत राहिले आणि तीस वर्षं कापडाच्या लूमवर उभे राहिले. महिनाभर खोकला हटेना, म्हणून मी बेडक्यासाठी लॅबमधली डबी घरी नेली. सकाळी आईने ती भरून माझ्या हातात दिली. त्यातले जंतू वाढायला दोन-तीन आठवडे गेले आणि मग पट्टी मीच लावली. टीबीची रेषा नाही! पाण्यामातीत राहणारा कुणी भाऊबंद निघाला. डॉक्टर म्हणाले, "खोकला राहिला तर पुन्हा नमुना द्या." पण ऐकतंय कोण? मी आनंदाने सुरतेची घारी, ती तुपातली मिठाई, घेऊन घरी गेले.

खोकला राहिलाच. आप्पा छातीवर हात ठेवून म्हणायचे, "पोरी, काहीतरी शे व." मी खेकसायचे, "लॅबमध्ये तुम्ही बसता की मी?" तीन महिने मी हे शहाणपण पाजळलं. मग त्यांच्या तोंडातून रक्त आलं. दुसऱ्या नमुन्यात टीबी निघाला. औषधं लागू पडली, पण तोवर डावं फुफ्फुस कामातून गेलं होतं. आता जिना चढताना ते अर्ध्यावर बसतात आणि हसून म्हणतात, दमलो नाही, हवा खातोय. मला ते हसणं बघवत नाही.

पहिल्या वेळी घोळ कुठे झाला? आईला विचारलं. ती सरळ म्हणाली, डबीला कसलातरी वास येत होता, म्हणून टाकीच्या पाण्याने चांगली तीनदा धुतली. झालं! टाकीतला भाऊबंद डबीत गेला, भराभर वाढला, आणि टीबी त्याच्याखाली दबून राहिला.

माझं डोकंच फिरलं. "आप्पांचं फुफ्फुस तू घालवलंस," असं मी तिच्या तोंडावर म्हणाले. जळो माझी जीभ. वर ओरडले, "लॅबच्या खिडकीवर येईल त्याला मी रोज घसा फोडून सांगते, डबी धुवू नका! एवढं साधं कळत नाही?"

आई रडली नाही. तिने एवढंच विचारलं,

"मंग माले काबर नही सांगं तू?"

नव्हतं सांगितलं. घरच्या माणसांना काय सांगायचं, असं वाटलं होतं मला.